बाबांचा अंगठा

माझे बाबा कर्वेनगरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. अपित्वचेचा, म्हणजे सगळ्यात वरच्या त्वचेचा, धडा आला की ते आधी रिओ नावाच्या शोभेच्या झाडाच्या जांभळ्या पानाचा पापुद्रा सोलून दाखवत. मग सुतार वापरतात तो पांढरा गोंद स्वतःच्या अंगठ्यावर फासत आणि वाळायची वाट बघत उभे राहत. वाळलेला गोंद अलगद सोलला की त्या पारदर्शक पापुद्र्यावर अंगठ्याच्या सगळ्या रेषा उतरलेल्या असत. "पानाची अपित्वचा जिवंत असते, आपली वरून मेलेली," ते सांगत. "तुम्ही सगळे मेलेलं पांघरून वर्गात बसला आहात. उत्तरं कुठून येणार?"

हा विनोद ते घरीही करत. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता कोणी तो करत नाही, तर घर खायला उठतं.

बाबा गेले त्या दिवसापासून आईने त्यांचा फोन चार्जरवरून काढलेला नाही. एकदा बंद पडला की पुन्हा लागणार नाही, अशी तिची समजूत. पहाटे त्यांचा गजर वाजतो, कुंड्यांना पाणी घालण्याचा. आई उठते, गजर थांबवते आणि पाणी घालते. दिवसभरात मध्येच स्क्रीन उजळते, कोणीतरी शुभ सकाळ पाठवलेली असते. गेलेल्या माणसाला शुभ सकाळ! फोन ठेवलाय त्या कोपऱ्यावरून जाताना मी तिकडे बघायचं टाळते. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटते.

त्या फोनमध्ये बाबांनी काढलेले झाडांचे व्हिडिओ आहेत. ते स्वतः कधी चित्रात आले नाहीत, पण मागून सतत बोलत असायचे. फोन उघडायचा तो त्यांच्या अंगठ्याने. आकड्यांचा पासवर्डही होता, तो त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता.

"मला ह्यांचा आवाज आठवेनासा झालाय गं," एकदा गवार मोडता मोडता आई म्हणाली. मान वर केली नाही. मलाही तो नीट आठवत नव्हता.

बंद पडू नये म्हणून पॉवर बँकेला जोडून मी फोन नारायण पेठेतल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला.

"उघडून देतो. आतलं सगळं पुसलं जाईल."

"मग उघडून उपयोग काय?"

"तेच म्हणतोय मी," म्हणत त्याने फोन माझ्या हातात ठेवला.

घरी येताना मला गोंद आठवला. माळ्यावरच्या खोक्यात बाबांच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या होत्या. पानांचे पापुद्रे, कांद्याचे पापुद्रे, आणि त्यांच्यात दोन काचांमध्ये धरून ठेवलेला त्यांचा अंगठा. मी काचा सोडवल्या. आईने तो पापुद्रा स्वतःच्या अंगठ्यावर चढवला आणि फोनवर टेकवला. फोन नुसता थरथरला.

"ठसा उलटा आहे, आई. उंचवट्याच्या जागी खाच."

आई कणीक मळायला बसली होती. तिने परातीतला गोळा ओढला, पापुद्र्याची आतली बाजू त्यावर दाबली आणि उचलली. कणकेत बाबांचा अंगठा वर आला. सुलटा, ओलसर, रेषा न् रेषा. आईने तेवढा तुकडा काढून फोनवर धरला. फोन पुन्हा थरथरला आणि पासवर्ड मागू लागला.

"जिवंतपणी कोणाचं ऐकलं नाही, आता ऐकणार आहेत!" आई म्हणाली आणि पोळ्या लाटू लागली.

पोळ्या करून कणीक उरली की आई त्या गोळ्यावर चार बोटं दाबते आणि मगच झाकून ठेवते. तिच्या आईचीही हीच पद्धत होती. गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, आणि पिंड गेलेल्यांसाठी ठेवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजत असताना मी दुधासाठी फ्रिज उघडला. डब्यातल्या कणकेवर आईची बोटं नव्हती. मधोमध एकच अंगठा होता, बाबांचा, रेषांसकट.

"आई, हे काय केलंस?"

तिने गजर थांबवला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"पिंडासारखा दिसायला नको ना," ती म्हणाली आणि कुंड्यांकडे गेली.