पपईतला उजेड

सुनंदाताईंच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी एक निळसर उजेडाची बॅटरी आणि एक चिमुकली बाटली असायची. भाजीवालीसमोर असोत की बसच्या कंडक्टरसमोर, त्या बाटली काढायच्या, पदराचा आडोसा करायच्या आणि बॅटरी लावायच्या. चहासारखं पिवळट पाणी एकदम निळं उजळायचं. "पपईना रस शे भाऊ! दखा, कसा चमकी ऱ्हायना!" त्या अहिराणीत सांगायच्या. समोरचा थक्क झाला की ताई त्याच्याहून मोठ्यानं हसायच्या.

त्या शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी नंदुरबारला एमआरआय सेंटर चालवतो. म्हसावदहून त्या आईला घेऊन माझ्याकडे आल्या, तीच आमची पहिली भेट. चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून एक औषध देतात, पण त्यांच्या आईच्या, म्हणजे माईंच्या, किडन्या दुबळ्या होत्या. मी म्हणालो, "हे औषध यांना द्यायला मन धजत नाही." त्या वेळी साध्या तपासणीवर निभावलं.

ताई मात्र दारातच थांबल्या. "दुसरं काहीच नाही?"

"शोध चालू आहेत. कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांवरही."

"कार्बन?" त्यांचे डोळे लकाकले. "तो तर आपला घरचाच!"

काही महिन्यांनी त्या ती बाटली घेऊन हजर झाल्या. पपईचा रस बंद पोलादी भांड्यात भट्टीत तापवून त्यांनी कार्बनचे असे कण बनवले होते, जे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. आम्ही दुपारी मशीन रिकामं पाहून बाटली आत ठेवली. पडद्यावर ती साध्या पाण्यासारखीच दिसली, जराही उठून नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच.

"उजेडात नाचतंय अन् कामाच्या वेळी झोपतंय," ताई म्हणाल्या. चेहरा पडला होता, पण जाताना शेजारच्या बाकावरच्या पेशंटलाही त्यांनी ती चमक दाखवलीच.

पुढच्या खेपेला त्यांनी कणांमध्ये एमआरआयच्या चित्रात उजळ दिसणारं मँगनीज पक्कं बांधून आणलं. शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेवली. मशीन धडधडू लागलं. ताई पडद्याकडे पाठ करून उभ्या. "तुम्हीच सांगा भाऊ, माले दखाई नही ऱ्हायनं."

पडद्यावर पाण्याच्या बाटलीचं वर्तुळ करडं होतं आणि शेजारचं पांढरंशुभ्र. "ताई, वळा!"

त्या वळल्या, पाहिलं, आणि माझ्या रिसेप्शनिस्टचे दोन्ही हात धरून फुगडीच घातली. मग तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"मंग माले कवय दिशी?" माईंनी आपल्याला ते औषध कधी मिळणार ते विचारलं.

"माय, आजून उंदीरले बी दिधं नही!"

"मंग दे उंदीरले. तवलोंग मी शे ना!" तोवर टिकायची माईंची तयारी होती.

यंदा एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेनं ताईंना पुढच्या चाचण्यांसाठी बोलावलं. मी निरोप द्यायला म्हसावदला गेलो. ताईंची निवृत्ती जवळ आलेली, आणि तिथे सगळे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. "जमेल ना ताई?" मी विचारलं.

"इतला वरीस पोरेसले कार्बन शिकाडा भाऊ. आते मी सोता शिकसू." माणसाला हे औषध मिळायला अजून किती वर्षं लागतील, मिळेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी त्या लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या.

सामान भरलेल्या टेम्पोत, लेकीसोबत निघालेल्या माई ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसल्या होत्या आणि त्याला गाडी सावकाश हाकायला बजावत होत्या. ताई चढल्या आणि टेम्पो सुटला. वळणापर्यंत मायलेकींचं हसणं इंजिनच्या आवाजावरून ऐकू येत राहिलं.