लॉबीच्या काचेतली सही

आखातात, अल बर्शातल्या एका इमारतीच्या लॉबीसाठी बेव्हल काचेची तावदानं करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला इंटिरियरच्या त्या नोकरीत वर्षही झालं नव्हतं. बेव्हल म्हणजे काचेची कड तिरपी घासून तिला पैलू पाडायचे. आमच्या तावदानांवर शिवाय एक वेल कोरायची होती, वरपासून जमिनीपर्यंत. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधरावर इतकं देखणं काम कुणी सोपवावं, याचं मला फार अप्रूप होतं. अजूनही आहे.

आमच्या ऑफिसात पास झालेल्या नमुन्यावर सही करायची पद्धत आहे. फरशी असो, लाकूड असो, पाठीमागे मार्करने सही केली की तसाच माल यायला हवा. काचेला पाठ कुठली? अल कुसैसच्या कारखान्यात मी नमुन्याच्या तावदानासमोर उकिडवा बसलो आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या पानाशेजारी सही केली. माझी सही मराठीत आणि पूर्ण आहे: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दहावीचा फॉर्म भरताना मुख्याध्यापकांनी ती बसवून दिली होती. आमच्या मॅनेजर मॅडम केरळच्या. त्या म्हणायच्या, तुझी सही म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे.

तावदानं बसली त्या दुपारी फिटर लोकांनी त्यांच्यावरचा कागद सोलला. वेल सुरेख उतरली होती. मी खुशीत खाली बघत गेलो आणि कोपऱ्यात मला माझं नाव दिसलं. मार्करचं नव्हे, काचेत खोल कोरलेलं. शेजारच्या तावदानावर बघितलं, तिथेही होतं. त्याच्या पुढच्यावरही. 

कारखान्यात फोन लावला. कोरणारा पाकिस्तानी गृहस्थ होता, मोठ्या आनंदाने बोलत होता. त्यांच्याकडे काचेवर काळ्या मार्करने काढलेली रेघ म्हणजे कोरायची रेघ, आणि ती तर साहेबांनी स्वतः बसून काढलेली. वेल सोपी होती म्हणाला, वेळ लागला तो कोपऱ्याच्या नक्षीला. आवडली ना? काय सांगणार! वेलांटीचा बाकसुद्धा माझ्याच हातचा होता.

मॅडम आल्या, वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, यात काही देवाचं नाही ना? लॉबीत दुसऱ्या धर्माचं काही लिहिलंय असं इमारतीच्या मालकांना वाटलं, तर तुलाही कुणी वाचवणार नाही आणि मलाही.  आमच्याकडच्या बहुतेक बापांसारखं माझ्या वडिलांचं नावही देवाचंच आहे. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, खोटं बोलू नकोस, पण विचारल्याशिवाय तोंडही उघडू नकोस.

मालक तासाभरात येणार होते. मी मोबाईलवर उगाच व्हिसाची तारीख बघत बसलो. मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि तिची शाळाही.

मालक एकटेच आले. वयस्कर, पांढरा पायघोळ कंदुरा, पायांत चामडी चपला. लहानपणापासून भारतीय व्यापाऱ्यांत वावरलेले, त्यामुळे हिंदी सहज बोलायचे. वेल बघून मान डोलावली आणि नजर खाली कोपऱ्यावर गेली. विचारलं, "ये किसका नाम है?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, माझं आणि माझ्या वडिलांचं. मार्करपासून झालेला सगळा घोळ सांगितला. नावाचा अर्थ विचारला तेव्हा तोही सांगितला: हे आमच्या देवाचं नाव, आमच्यात असं ठेवतात. 

 मग त्यांनी आपल्या चपलांकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकले. त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला होता.

"बाप का नाम पैरों के पास कौन लिखता है?"

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. दुपारभर मी नोकरीचा, व्हिसाचा, शाळेचा विचार केला. आणि वडिलांचं नाव तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांच्या उंचीवर, ओळीने कोरलेलं होतं. पाय चुकून वहीला लागला तरी नमस्कार करायला लावणारा माणूस तो. पहिला धक्का यापुढे काहीच नव्हता.

मॅडमनी सावरायचा प्रयत्न केला. मुलगा नवीन आहे, प्रामाणिक आहे, त्याच्याबद्दल तुम्ही म्हणाल तसं. मालकांनी हातानेच थांबवलं. "इसका कुछ नहीं करना. पहले नाम हटवाओ. खलास."

ठरलं ते असं, की कोपऱ्यांवर एकेक मोठं पान कोरून नाव त्यात मिटवायचं आणि तोवर सगळे कोपरे झाकून ठेवायचे. सफाईवाला ओला मॉप घेऊन काचेकडे येत होता. मालकांनी त्याला लांबच उभं केलं. मी गुडघ्यांवर बसून कागद चिकटवायला लागलो. टेप वेडीवाकडी लागत होती. शेवटचा कोपरा झाकून होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.