कळेचा परवाना

अंधेरीच्या मासळी बाजारात सगुणाबाय पाटी मांडून बसली की गिऱ्हाइकाला आधी तिचा आवाज ऐकू यायचा आणि मग म्हावऱ्याचा वास. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ती थोरली सून. नवरा महादू स्वतःच्या मचव्यावर तांडेल. घरचं ताजं म्हावरं आणि असला खणखणीत गळा, त्यामुळे ती कुणाला भावात हार गेलेली नव्हती.

त्रेसष्ट साली त्या गळ्यावरच घाला आला. सकाळची गर्दी होती. बोंबलांचा भाव सांगायला तिने तोंड उघडलं आणि उजव्या कानापासून हनुवटीपर्यंत कुणी तापलेली सळई ओढावी तशी कळ गेली. क्षणभरच. पण हातातला बोंबील गळून पडला आणि समोरची बाई घाबरून दोन पावलं मागे सरकली.

मग ती कळ येतच राहिली. बोलताना यायची, चावताना यायची, तोंडावर पाणी मारलं की यायची. खाडीवरचा वारा गालाला लागला तरी यायची. दातांच्या डॉक्टरने एक दाढ काढली, मग शेजारची काढली, आणि असं करता करता उजवीकडच्या सगळ्या दाढा गेल्या. कळ जागच्या जागी राहिली. सगुणाबाय पदराने गाल झाकून बसू लागली आणि बोटं दाखवून भाव सांगू लागली. मुक्याच्या पाटीवर कोण थांबतं? गिऱ्हाईक सरकायचं ते थेट शेजारच्या जागेवर, आणि शेजारची जागा तिच्या धाकट्या जावेची, कमळची होती.

कमळ या घरात आली तेव्हापासून सगुणाला तिचं काही ना काही सलत आलेलं. बाजारातली कोपऱ्याची जागा कमळला मिळाली. सासूने, कृष्णाबाईने, आपल्या गळ्यातली पुतळ्यांची माळ धाकटीला घातली. कमळचा नवरा हरेश्वर बायकोशी हसून बोलायचा, महादू बोलायचाच नाही. आणि आता हातचं गिऱ्हाईकही तिचं. वाईट याचं की कमळ भांडखोर नव्हती. ती भांडली असती तर सगुणाला बरं वाटलं असतं.

पासष्ट साली कमळच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, कॅन्सर सांगितला. वाड्यात रडारड झाली, सगुणाही रडली आणि खरी रडली. कमळला दुखण्यावर दिलेल्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, सगळं उलटून पडायचं. तेव्हा तिथल्या डॉक्टरने चिठ्ठी दिली, हरेश्वरने दारूबंदीच्या कचेरीत खेटे घातले आणि कमळच्या नावाने गांजाचा परवाना निघाला. महिन्याला ठरलेला माल सरकारी दुकानातून घ्यायचा. कृष्णाबाई तो तुपात परतून दुधातून द्यायची. आठवडाभरात कमळ पेज खाऊ लागली आणि दुपारी अंगणात, वाळत्या बोंबलांच्या सावलीत, झोपू लागली.

ते पाहून सगुणाच्या पोटात जे पेटलं ते विझेना.

कारण हे औषध तिला नवं नव्हतं. तिच्या आईलाही म्हातारपणी अशीच गालाची कळ यायची. दारूबंदी यायच्या आधीचे दिवस ते. धाकू वैदू आईला हाच गांजा तुपातून द्यायचा. कळ जायची नाही, पण कळेचं भय जायचं, आणि आई भिंतीला टेकून भात खायची. सगुणाने महादूला हे कितीदा सांगितलं होतं.

"परवान्याशिवाय घरात चिमूटभर पन नाय आनायचा," महादू म्हणायचा. चोरट्या मालाच्या संशयावरून एकदा पोलिसांनी त्याचा मचवा आठवडाभर अडकवून ठेवला होता. काही सापडलं नव्हतं, पण तेव्हापासून खाकी कपडा दिसला की तो रस्ता बदलायचा. "मचवा गेला तर खाशील काय? तुना पायजे तर कमळसारखा कागद काढ."

म्हणून सगुणाने कागद काढायचं ठरवलं. वाड्यातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने बरेच आढेवेढे घेऊन चिठ्ठी लिहिली, आणि चार-सहा महिन्यांच्या खेपांनंतर तिला डॉक्टरांच्या बोर्डापुढे बोलावणं आलं. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून ती गेली. लांब टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. बंद खोली, वारा नाही, बोलणं थोडं. नेमकी त्या दिवशी कळ आलीच नाही.

"एक्स-रे तर साफ आहे," मधले मोठे डॉक्टर म्हणाले. "दात काढून झालेत. सूज नाही, गाठ नाही. बाई, दुखतंय म्हणता, पण आम्हाला दिसत काहीच नाही."

"दुकतंय," सगुणा पदराआडून म्हणाली.

"या वयात बायकांना असं होतं. मन रमवा. गांजा हे काही डोकेदुखीचं औषध नाही."

अर्ज नामंजूर झाला. ती घरी आली तेव्हा कमळ अंगणात तोंड उघडं टाकून झोपली होती. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. सगुणा उभ्या उभ्या तिच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, हिच्या दुखण्याला नाव आहे. फोटोत दिसतं, कागदावर लिहिता येतं, साहेबाला पटतं. मलाही गाठच झाली असती तर निदान झोप मिळाली असती. विचार आला आणि ती स्वतःच दचकली. थू थू करून अंगणात थुंकली. पण विचार काही थुंकीबरोबर गेला नाही.

कमळला सगळं कळलं होतं. बरं वाटलं की ती अजून घटकाभर बाजारात येऊन बसायची. एक दिवस ती सगुणाच्या कानाशी लागून म्हणाली, "सगुणाबाय, माझ्यातला थोडा घे ना. मना एवढा नाय लागत."

ती खोटं बोलत होती, तिला तेवढा लागायचाच. सगुणालाही ते ठाऊक होतं. घ्यावा असं तिला फार वाटलं, इतकं की तोंडाला पाणी सुटलं. आणि हिच्या उपकाराचा घ्यायचा म्हटल्यावर तेच पाणी कडू झालं. कळेची पर्वा न करता ती कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलली, "तुझा गांजा तुना लखलाभ. मना नको तुझा गांजा."

अख्ख्या बाजाराने ऐकलं. सणकन कळ आली आणि ती गाल धरून मटकन खाली बसली, पण शब्द सुटून गेले होते. कॅन्सर सगळ्यांना ठाऊक होता, गांजा घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. दोन दिवसांत बाजारभर झालं की हरेश्वरची बायको गांजा ओढते. गिऱ्हाइकं कुजबुजू लागली. मग एका सकाळी हवालदार आला आणि त्याने सगळ्यांसमोर कमळची पाटी उलटी केली. पापलेटं चिखलात पडली. कमळने कमरेच्या पिशवीतून परवाना काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि परत देऊन निघून गेला. कमळने पापलेटं उचलली, पाण्याने धुतली, पाटीत रचली. सगुणाकडे तिने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बाजारात आलीच नाही.

कोपऱ्याची जागा रिकामी राहिली. इतकी वर्षं हीच जागा हवी होती, पण सगुणा तिथे सरकली नाही. लाज वाटायची, आणि लाजेच्या तळाशी अजून जळतच होतं. हवालदाराच्या तोंडावर धरायला कमळकडे कागद होता. मला धरलं असतं तर मी काय दाखवणार होते, गाल?

पंधरा दिवसांनी कृष्णाबाईने तिला हाक मारली. "कमळ बोलवतेय. जा."

कमळ आतल्या खोलीत पडली होती. सगुणा दाराशीच उभी राहिली.

"बस ना. मी काय खात नाय तुना," कमळ म्हणाली.

सगुणा बसली.

"त्या दिवशी माझं तोंड सुटलं," सगुणा म्हणाली.

"माहीत हाय." कमळने डोळे मिटले, उघडले. "तुना माझ्या कागदाचा हेवा वाटतो ना? लाजू नको. मना पन तुझा वाटतो. तुझा गाल दुकतो, पन पुढच्या शिमग्याला तू असशील. उत्तराच्या लग्नात तू नाचशील. माझ्या पोरीच्या लग्नात. मी पडल्या पडल्या तुझा आवाज ऐकतंय आनि जळतंय."

सगुणाचा राग काही विरघळला नाही. रात्रभर झोप झालेल्या माणसाला असं शहाण्यासारखं बोलता येतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण ती उठली नाही.

"बोर्डापुढं काय केलंस तू?" कमळने विचारलं.

"काय करनार? बसले. विचारलं ते सांगितलं."

"अबोली माळून? पदर गालावर घेऊन?" कमळ हसली तशी तिला धाप लागली. "तुना साऱ्या जन्मात कुनाला आपलं दुकनं दाखवता येत नाय. कळ आली की तू तोंड फिरवतंस. माझी गाठ फोटोत दिसली म्हनून मना कागद मिळाला. तुझी कळ त्यांना दिसायला नको? परत अर्ज कर. जाताना चने घेऊन जा. कडक, फुटाने. त्यांच्या समोर बसून चाव."

सगुणाने गालाला हात लावला. तीन वर्षांत तिने पेजेपलीकडे काही खाल्लं नव्हतं.

"मी मरेन," ती म्हणाली.

"नाय मरत. मरनारी मी हाय."

दुसरा अर्ज गेला, पुन्हा खेपा झाल्या, पुन्हा बोलावणं आलं. टेबलामागे तेच मोठे डॉक्टर होते, दुसरे एक होते, आणि या खेपेला मृणालिनी नावाच्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मोठ्या डॉक्टरांनी कागद चाळले. "मागेच नामंजूर झालंय हे. नवीन काही आहे का?"

सगुणाने पदर खांद्यावर टाकला. चेहरा उघडा केला. कनवटीचे फुटाणे काढले आणि मूठभर तोंडात घालून उजव्या हिरडीखाली दाबून चावले.

पहिल्या चाव्याला काही झालं नाही. मोठे डॉक्टर "बाई, हे काय चालवलंय," म्हणेपर्यंत तिने दुसऱ्यांदा चावलं आणि कळ आली. एक नाही, एकीवर एक. तिचा अर्धा चेहरा ताणून वर गेला, उजवा डोळा मिटून पाणी गळू लागलं, तोंडातले चणे टेबलावर सांडले. आवाज मात्र फुटला नाही. टेबलाची कड तिने अशी धरली होती की टेबल हलत होतं. डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ आल्या. त्यांनी हात लावला नाही, वाकून नुसतं पाहिलं. कळ ओसरेपर्यंत त्या तशाच वाकून होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "हे मनाचं नाही. ही चेहऱ्याच्या नसेची कळ आहे. पुस्तकात असंच वर्णन आहे, मी प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहतेय." मग सगुणाकडे वळून त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा येते अशी?"

"मोजत नाय," सगुणा म्हणाली. "मोजायला लागले तर येतेच."

मोठ्या डॉक्टरांनी टेबलावरचे चणे हाताने बाजूला सारले. मग त्यांनी सही केली.

कागद हातात घेऊन ती थेट कमळच्या खोलीत गेली. कमळ आता फार बोलत नव्हती. तिने नुसत्या भुवया उंचावून विचारलं.

"मिळाला," सगुणा म्हणाली. आणि थांबून म्हणाली, "तुझ्या निम्मा."

कमळच्या ओठांवर हसू आलं. "तितं पन हिशेब केलास," ती पुटपुटली.

कमळ नारळी पुनवेच्या आधी गेली. तिच्या वाट्याचा माल उरला होता, आणि कायद्याने तो परत करायचा होता. हरेश्वरला एकट्याने जाववेना म्हणून सगुणा सोबत गेली. बसमध्ये पुडी तिच्या मांडीवर होती. तिच्या महिन्याच्या वाट्यापेक्षा जास्तच असेल. हरेश्वर खिडकीबाहेर बघत होता, थोडा काढून घेतला असता तर कुणाला कळलं नसतं. तिच्या मनात आलं, मेली तरी हिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. आणि मग तिला रडू आलं, बसमध्ये, लोकांदेखत, गालावरून पाणी ओघळलं की कळ येते हे माहीत असूनही. पुडी तिने होती तशीच कारकुनापुढे ठेवली.

परवाना काही कायमचा नव्हता. दर नूतनीकरणाला बोर्ड वाटा थोडा कमी करी आणि दर खेपेला सगुणा भांडे. डॉक्टर मृणालिनींनी पुढे तिला एका मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याने गालाच्या नसेत सुई मारली. कळ गेली, तिच्याबरोबर अर्ध्या चेहऱ्याची जाणीवही गेली. चहा प्याली की एका बाजूने गळायचा, तिला कळायचंही नाही. सत्तर साली तिने परवाना स्वतःच परत केला. आवाज आला, पण पहिला नाही, थोडा बोबडा.

कोपऱ्याच्या जागेवर आता कमळची उत्तरा बसायची. आईसारखीच गोड बोलायची. गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं की सगुणाच्या पोटात जळायचं ते जळायचंच. पण एकदा उत्तरा गाल धरून बसलेली दिसली, तेव्हा सगुणाने भर गर्दीत दोघींच्या पाट्या झाकल्या, तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, आणि दाढ किडलीय, बाकी काही नाही, असं डॉक्टर सांगेपर्यंत ती बाकावर टेकली नाही.