खालच्या फळीवरचे उंदीर

ती आमच्या संशोधन संस्थेच्या उंदीरघरात पहिल्यांदा आली तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि उंदराला भीत होती. मी म्हटलं, "अगं, कॅन्सरचं संशोधन करणार आणि उंदराला भिणार? मग प्रयोग काय शेजाऱ्यांवर करशील?" ती हसली नाही. उंदीर कसा धरायचा ते मीच, पिंजरे धुणाऱ्या बाईने, तिला शिकवलं. बाकीचं ती शिकून आली होती.

तिचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले. त्याआधी वीस वर्षं त्यांचं आतडं सुजलेलं असायचं. या सुजेतून गाठ कशी होते, एवढ्या एका प्रश्नापायी तिने चार वर्षं परदेशात काढली, लग्न पुढे ढकललं, मग ते मोडलंच. परत आमच्याकडे आली ती पाच वर्षांच्या करारावर.

पाचव्या वर्षी तिच्या हाताला यश आलं. गाठी बाहेरून मोजता याव्यात म्हणून उंदरांच्या पाठीवर गाठी आणणारं रसायन लावायचं आणि अर्ध्यांना वरून तिचं सूज उतरवणारं औषध. औषधवाले वरच्या फळीवर, बाकीचे खालच्या. खालच्यांना पाच-सहा गाठी, वरच्यांना एखाद-दुसरी. शुक्रवारी संस्थेची कमिटी तिला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार होती.

बुधवारी तिने भाषणाची तालीम माझ्यासमोर केली. "जखम झाली की सूज येते आणि सुजेवर गाठ पोसते," ती म्हणाली, आणि मला तिच्या परिषदेचे दिवस आठवले.

ती परिषदेला गेली होती तेव्हा पिंजरे धुण्याचं मशीन बंद पडलं होतं. स्वच्छ पिंजरे पुरेनात, म्हणून मी खालच्या फळीवरच्या दोन-दोन पिंजऱ्यांतले नर एकात घातले. दोनच दिवस. अनोळखी नर एकत्र आले की एकमेकांच्या पाठी फोडतात, हे मला बावीस वर्षं ठाऊक आहे. फोडल्याच. ती पंधरा दिवसांनी परतली तोवर खपल्याही पडून गेल्या होत्या. मी पिंजऱ्यांच्या कार्डांवर काही लिहिलं नाही. उगाच बोलणी कोण खाणार?

खालच्यांच्या जास्त गाठी औषध नसल्याने की त्या जखमांनी, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं. गुरुवारी सकाळी तिला सगळं सांगून टाकलं. ती खाद्याच्या पोत्यावर बसली.

"किती पिंजरे, मावशी?"

"खालचे सगळे."

"अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही."

"मग मला का सांगितलंत?"

लाज वाटत होती, एवढंच.

शुक्रवारी मी ट्रॉली घेऊन कमिटीच्या दाराबाहेर उभी राहिले. आत तिने जखमांचं सगळं सांगितलं. कुणीतरी विचारलं, चूक कुणाची. "माझी," तिचा आवाज आला. "एक अख्खा गट एकाच फळीवर मी ठेवला. मिसळून ठेवायला हवे होते." कायम केलं नाहीच. सहा महिने दिले, नवे उंदीर घेऊन प्रयोग पुन्हा करायला.

मी चिडले. "माझं नाव घ्यायला तोंड दुखत होतं का तुझं?"

"तुमचं नाव घेऊन त्या पाठी फुटायच्या राहिल्या असत्या का?" म्हणाली आणि कामाला लागली.

या वेळी एका पिंजऱ्यात एकच उंदीर. औषध कुणाला आणि कुणाला नाही हे मोजताना तिला कळू नये म्हणून पिंजऱ्यांवर फक्त आकडे, आणि कुठला आकडा कशाचा ती यादी माझ्या खिशात. तिने औषधं भरून दिली, लावली मी. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वास नव्हता. माझ्यावर कसा राहिला, देव जाणे.

सहा महिन्यांनी मोजायला बसलो. ती उंदीर उचलायची, पाठ चाचपून आकडा सांगायची. मी लिहायची.

"सात नंबर. तीन."

सातला औषध नव्हतं.

"आठ. तीन."

आठला औषध होतं.

"नऊ, दोन. दहा, तीन."

पोरीच्या तोंडाकडे मला बघवेना. दहालाही औषध होतं. तीनचा एक केला असता तर कुणाला कळलं असतं? शपथेवर सांगते, माझं पेन थांबलं.

"लिहिलंत, मावशी?" तिने मान वर न करता विचारलं.

"लिहिलं," मी म्हटलं. तीनच लिहिले होते.