पिल्लासाठी टोपलंभर मुरूम

अमेरिकेत लढाई चालली होती आणि तिच्या कृपेने आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. नेमकी त्याच वर्षी आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. अमरावतीजवळची काळी कसदार जमीन मी हट्टाने मागून घेतली. दादाच्या वाट्याला अकोल्याकडचं मुरमाड, बरड रान आलं. त्याने हूं की चूं केलं नाही. फक्त पुढे दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

कापूस खरेदीला आलेल्या एका साहेबाने जाताना मला विलायती निवडुंग दिला. नारळाएवढा गोल, पिवळ्या काट्यांचा. वर्षाला बोटाच्या पेराएवढाही वाढत नसे. बुंध्याशी पाच पिल्लं होती. ती काढून लावली की नवीन झाड होतं, एवढंच साहेब सांगून गेला. दादाला लहानपणापासून झाडांचं वेड. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं आणि गाडीवानाच्या तोंडी निरोप आला, "साहेबाच्या झाडाचं एक पिल्लू मले भेटन का?" मला इतका आनंद झाला की गाडीवानाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

"भावाले काटे धाडता?" बायको म्हणाली. "लोक काय म्हनतीन?"

मी तिला गप्प केलं. शेतातली उत्तम माती आणून कुंडीत भरली, शेणखत घातलं, एक पिल्लू काढून लावलं, रोज सकाळी पाणी दिलं. जी माती साऱ्या विलायतेला कापूस पुरवते, तिला एक पिल्लू जगवणं काय जड? पहिलं आठ दिवसांत कुजलं. मी खत वाढवलं. मग दुसरं गेलं, तिसरं गेलं, चौथंही गेलं.

बायकोने कुंडीत बोट खुपसलं. "आपली माती पानी धरून ठेवते. याले मुरूम पायजे."

मुरूम अमरावतीतही मिळाला असता. पण मला दादाकडेच मागायचा होता. एकच पिल्लू उरलंय, टोपलंभर मुरूम धाड, असा मी निरोप पाठवला.

दादा स्वतःच दमणीला बैल जुंपून मुरूम घेऊन आला. ओसरीवर बसून त्याने कुंडीतली काळी माती उपसली, मुरूम भरला, पिल्लू लावलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुले मुरूमच पायजे होता, तं वाटनीच्या दिवशी काहून नाई बोल्ला?"

दादा बोलला याचा आनंद मानावा, की तो जे बोलला त्याची लाज वाटून घ्यावी, हे मला कळेना. त्याने मातीचे हात पुढे केले. मी त्यांच्यावर पाणी घालत राहिलो, हात स्वच्छ झाले तरी.