गीझर, कुर्ते आणि माझी चौकमधली खोली

बेल वाजली आणि साहेब माझ्या पडद्यामागे गेले.

दारात शेजारच्या मिश्रा भाभी, हातात गाजर हलव्याची वाटी. मी दार अडवून उभी राहिले. भाभींनी माझ्याकडे न बघता थेट खाली बघितलं.

"अरे, ये तो सक्सेना साहब के जूते हैं!"

पडदा हलला. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "मैं ज़रा गीज़र देखने आया था."

पडद्यामागे गीझर! रेल्वेच्या संशोधन संस्थेतला एवढा मोठा अधिकारी, आणि धड थापही मारता येऊ नये? मी कपाळाला हात लावला. संध्याकाळपर्यंत गीझर कॉलनीभर झाला.

मी काउन्सेलर. मूळची सांगलीची. नवरा शिरीष त्याच संस्थेत इंजिनियर, म्हणून लखनौला मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आमचं बिऱ्हाड. बाहेरच्या खोलीत मी क्लायंट बघायचे. आमच्या कामात कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी नावाचा नियम असतो. क्लायंट काय बोलला ते सोडाच, तो आला होता हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही. (हे लिहितेय ते सगळ्यांना विचारून आणि नावं बदलून.) नियम मी पाळत होते, पण दाराबाहेरचे बूट पाळत नव्हते.

साहेबांचा त्रास साधा होता. माइक समोर आला की त्यांची बोबडी वळायची. एप्रिलमध्ये ते रिटायर होणार होते आणि निरोप समारंभात बोलणं भाग होतं.

"इतकी वर्षं भाषणाच्या दिवशी सिक लीव्ह टाकली," ते मला हिंदीत म्हणाले होते. "स्वतःच्याच फेअरवेलला कशी टाकू?"

गीझरनंतर त्यांचा फोन आला. "मैडम, जगह बदलिए. वरना मैं नहीं आऊँगा."

मला फार वाईट वाटलं. माणूस पडद्यामागून निघून एकदम घरीच बसणार होता. मी ब्रोकर त्रिपाठीजींना गाठलं. सांगितलं, जागा प्रायव्हेट हवी आणि सेक्युअर हवी.

त्रिपाठीजींनी पहिल्यांदा एक टॉवर दाखवला. "हर कोने में कैमरा है, मैडम!" गेटवरच्या गार्डने नमुना म्हणून इंटरकॉमवर ओरडून दाखवलं, "काउन्सेलिंग वाली मैडम के पेशेंट आए हैं, ऊपर भेजें?" लिफ्टसाठी थांबलेले सगळे वळून बघायला लागले. मी तिथूनच परत फिरले.

मग शहराबाहेर, चिनहटच्या पुढचं एकटं घर. आजूबाजूला चिटपाखरू नाही. पण अनोळखी माणसाबरोबर बंद खोलीत बसायचं, तर हाकेच्या अंतरावर कोणीतरी लागतंच.

शिरीष म्हणाला, "इथे तू ओरडलीस तर फार तर म्हशी मान वर करतील."

तिसरं घर मला आवडलं. खालचा मजला, वेगळं दार, घरमालकीण वर. मी आवाजाची टेस्ट घेतली. शिरीष आत बसून नेहमीच्या आवाजात दुःख सांगणार आणि मी बाहेर दाराला कान लावणार. एक शब्द ऐकू आला नाही. मी खूश! इतक्यात मालकीणबाई जिना उतरून आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"बिटिया, लड़का इतना दुखी है, तो रोज़ लौकी क्यों बनाती हो?"

बाथरूमच्या डक्टमधून दुधी भोपळ्यासकट सगळं वर जात होतं. ते घरही गेलं. शिरीषला म्हटलं, "अरे, खोटं दुःख सांगायचं ठरलं होतं ना?" मग भांडण झालं, आणि मिटवायला मी त्याच्यासाठी कुर्ता घ्यायला चौकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात गेले.

तिथे शबाना खालांचं, म्हणजे शबाना मावशींचं, चिकनकारीचं दुकान आहे. चिकनकारी म्हणजे लखनौचं नाजूक भरतकाम. कुर्ते बघता बघता मी रडगाणं गायलं. खालांनी मागचं दार उघडलं. आत छान खोली. वर त्यांच्या कारागीर बायका भरत बसलेल्या, आणि गल्लीचा कालवा इतका की आतला शब्द बाहेर जाणं शक्यच नाही.

"बस एक शर्त है," खाला म्हणाल्या. "जो अंदर जाएगा, थैला लेकर निकलेगा. ख़ाली हाथ निकला, तो गली पूछेगी."

काय डोकं बाईचं! इथे कुर्ता निवडायला तासभर लागला तर कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. टेबलाखाली बेल बसवली. टेस्टला शिरीषला समोर बसवून बेल दाबली, तर सगळ्या बायका कात्र्या घेऊन खाली आल्या. शिरीष खुर्चीवर चढला. सिक्युरिटी पास!

साहेब यायला लागले. आधी भिंतीसमोर बोलले, मग माझ्यासमोर, मग दुकान बंद असताना खालांच्या कुर्ते घातलेल्या पुतळ्यांसमोर. दर खेपेला एक कुर्ता.

एप्रिल आला. हॉल भरलेला. साहेब नवा कुर्ता घालून माइकपाशी गेले आणि गप्प झाले. बोला हो साहेब, नुसतं नमस्कार तरी म्हणा!

साहेबांनी मान खाली घातली. त्यांना खिशावरचे दोन छोटे मासे दिसले. खालांच्या दुकानाची ती खूण. मग त्यांनी समोर बघितलं, म्हणून मीही बघितलं. अकाउंट्सचे वर्माजी, खिशावर मासे. लॅबमधले पांडेजी, मासे. आणि पहिल्या रांगेत साक्षात मिश्रा भाभी, गळ्याशी मासे. हे सगळे माझे क्लायंट आहेत असं मी म्हणत नाही. मला म्हणता येत नाही.

भाभींनी घाईघाईने दुपट्टा ओढून घेतला. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"दोस्तो," ते माइकमध्ये म्हणाले, "पहले यह बताइए, आप सबके गीज़र ठीक चल रहे हैं?"

हॉल खदखदून हसला. सगळ्यात मोठ्याने भाभी. त्यानंतर साहेब जे सुटले ते चहा गार होईपर्यंत बोलतच राहिले. माझे डोळे भरून आले.

जागा निवडताना मी दार, भिंती, डक्ट, बेल, सगळं तपासलं होतं. भरतकाम तपासायचं राहून गेलं. आता खालांना सांगितलंय, दर कुर्त्यावर वेगळं काहीतरी काढा.

मासे शिरीषच्या खिशावरही होते; भांडण मिटवायला आणलेला तोच कुर्ता. निघताना वर्माजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "घबराइए मत, आराम मिल जाता है."