धुराची शपथ नव्हती

माझे सासरे मटणाचे एवढे भोक्ते, की लग्नाच्या बोलणीत देण्याघेण्याचा शब्द काढला नाही त्यांनी. चहाची बशी खाली ठेवून माझ्या वडलांना एवढंच विचारलं, "मुलीला कलेजी भाजता येते ना?" आम्ही गिरगावातले, खाणारे-पिणारेच. येत होती भाजता. त्या जोरावर मी घोडपदेवच्या चाळीत सून होऊन आले, आणि बघते तर काय, महिन्याभरात या गृहस्थांनी मटणच सोडलं!

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणी सुटली की सभा, सभा सुटली की चाळीच्या तोंडाशी पुन्हा तीच सभा. एका संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांना चेव आला. एकानं विडी सोडली, एकानं चहा सोडला. मामंजी मागे राहतात होय? ताडकन उठले नि म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत मटणाला शिवणार नाही!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. विडीवाल्यानं दुसऱ्या दिवशी नळाच्या रांगेतच विडी पेटवली, आणि चहावाला तर सकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. मामंजी तेवढे अडकले, कारण बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

सासूबाई बेळगावकडच्या, जिभेला धार. "कुणी सांगितलंतं ओ मोठेपणा करायला? चहा सोडायचा की तुम्हीपण!" हे ऐकवल्याशिवाय त्यांनी त्यानंतर एकदाही ताट वाढलं नाही. मटण म्हणजे त्यांचाही जीव की प्राण. पण नवरा समोर वरणभात चिवडत बसला की यांनाही घास गोड लागेना, म्हणून त्या आणखी चिडायच्या.

अशात गटारी आली. आषाढातली अमावस्या, दुसऱ्या दिवसापासून श्रावण, त्यामुळे चाळीत घरोघर मटण. आमच्याकडे रीत मामंजींच्या कोकणातल्या गावची. हळद, मीठ, आलं-लसूण चोळलेले तुकडे तारेत ओवायचे, ती तार शेगडीच्या वर टांगायची, आणि निखाऱ्यांवर नारळाच्या सालीची ओलसर सोडणं टाकून सावकाश धुरी द्यायची. मग ते जाळीवर भाजायचे. शेगडी म्हणजे गॅलरीच्या टोकाला ठेवलेला घासलेटचा कापलेला डबा. मामंजींसाठी मी मक्याची कणसं आणली होती. त्यांच्यासाठी वेगळी शेगडी पेटवायला लागले, तर मामंजीच म्हणाले, "कोळसो कित्याक जाळतंस? ह्याच जाळीर ठेव."

"मामंजी, मटणाला लागतील ना!"

"मधी जागा सोड."

सोडली. पंख्यानं वारा घालायला मान वळवली, तोवर कणीस मटणाच्या अंगाला! मी मागे सारलं. पुन्हा बघते तर पुन्हा तिथेच. चरबीचा थेंब कणसावर पडला की कणसाच्याच पानानं ते गंभीरपणे पुसून टाकायचे, पण कणीस काही हलवायचे नाहीत.

"मामंजी, अहो!"

"मटण सोडलंय मी," ते म्हणाले, "धुराची शपथ नव्हती गो."

डोळे मिटून त्यांनी ते कणीस दाणा न् दाणा खाल्लं आणि नंतर उरलेल्या रिकाम्या बुरखुंडाचा वास घेत बसले. गॅलरीत माणसं हसून लोळली. मला रागही येत होता आणि हसूही आवरत नव्हतं.

पुढे द्विभाषिक राज्य आलं. महाराष्ट्र नि गुजरात एकाच पातेल्यात. शेजारचे म्हणाले, "काका, अर्धं काम झालं, आता अर्धं मटण खायला हरकत नाही." मामंजींनी ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या शेगडीला मात्र चाळीनं 'द्विभाषिक' हेच नाव पाडलं. दर गटारीला एका बाजूला मटण, एका बाजूला कणीस, आणि मधल्या सीमेवरून माझं नि मामंजींचं भांडण.

आणि मग साठ साली खरंच झालं की हो राज्य! मुंबई आपली झाली. चाळीला दिव्यांच्या माळा, घरोघर पेढे. सासूबाई सकाळी सकाळी स्वतः खाटकाकडे जाऊन उभ्या राहिल्या. तर मामंजी म्हणतात, "आज नको. एवढ्या उकाड्यात कसलं मटण? गटारीला बघू, कणसं आली की." आम्हाला वाटलं पोट बिघडलंय.

गटारीला अर्धी चाळ गॅलरीत जमली, काका शपथ सोडतात ते बघायला. सासूबाईंनी सगळ्यात चांगला, काठाला करपलेला तुकडा ताटलीत काढून पुढे धरला. मामंजींनी हात लांबवला आणि उचललं ते कणीस.

सासूबाईंचा पारा चढला. "झाला की ओ महाराष्ट्र! आता काय दिल्ली पाहिजे काय तुम्हाला?"

मामंजी हातातलं कणीस फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी नुसती मुंबई नव्हतो म्हणालो. संयुक्त म्हणालो होतो. तुझा माहेर रवला गो भायर."

बेळगाव राहिलं होतं. पेढे वाटताना आमच्यापैकी एकालाही त्याची आठवण झाली नव्हती, आणि सासूबाई स्वतःहून कशाला बोलतील? अशा हट्टी म्हाताऱ्याचा मला भयंकर राग आला, आणि आयुष्यात एवढी माया मला दुसऱ्या कुणाची वाटली नाही.

सासूबाईंनी ताटली माझ्या हातात दिली. "घ्या, तुम्ही पोरं खावा." मामंजींच्या हातातलं कणीस ओढून त्यांनी मधोमध मोडलं, अर्धं त्यांना परत दिलं, अर्ध्याचा लचका तोडला नि चावत चावत माझ्यावरच डाफरल्या, "मटणाजवळ ठेवायचं की ग जरा! धूर कुठं लागलाय ह्याला?"

मी जाळीवरचं दुसरं कणीस मटणाला पार चिकटवून ठेवलं.